चावडीपुढचे बोलणे

नगर जिल्ह्याचा इतिहास लिहावयास बसलेल्या माणसाची लेखणी बहुधा १४९० साली स्वतंत्र झालेल्या निजामशाहीपासून चालू लागते, भुईकोट किल्ल्याच्या खंदकाशी घुटमळते, चांदबिबीच्या पराक्रमाने उचंबळते, मलिक अंबरच्या जमाबंदीपाशी क्षणभर विसावते आणि १९४२ साली त्याच किल्ल्यात स्थानबद्ध होऊन ग्रंथ लिहीत बसलेल्या राष्ट्रीय पुढाऱ्यांची गौरवपूर्वक नोंद करून थांबते. हा इतिहास खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या रयतेच्या साऱ्यावर ही सगळी राज्ये पोसली गेली, ती रयत आपल्या मनातील गोष्ट चारचौघांत बोलली केव्हा आणि गिळून बसली केव्हा, याचा शोध घेण्याच्या भानगडीत इतिहासकार सहसा पडत नाहीत. त्याचे कारणही उघड आहे. बोललेल्या गोष्टीचा कागद दप्तरात राहतो, न बोललेल्या गोष्टीचा राहत नाही. तथापि ज्या जिल्ह्याचे आता अहिल्यानगर असे नामाभिधान झाले आहे आणि ज्याला तिथली माणसे अद्यापि नुसते ‘नगर’ म्हणतात, त्या जिल्ह्यात या शोधाला उपयोगी पडेल अशी सामग्री इतर जिल्ह्यांच्या मानाने विपुल आहे, आणि ती चाळताना मला एक गोष्ट वारंवार आढळत गेली: मनुष्याची जीभ सरकारच्या धाकापेक्षा शेजाऱ्याच्या मुद्रेकडे पाहून अधिक आवरली जाते, आणि सुटते तीही शेजाऱ्याकडे पाहूनच.

जुन्या गावगाड्यातील कज्जे तुटण्याची रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. गावच्या पाटीलकीचा किंवा शिवेचा वाद उत्पन्न झाला म्हणजे पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बारा बलुते आणि भोवतालच्या गावांचे मोकदम यांना जमवून गोतसभा भरवीत, वादी-प्रतिवादींच्या तकरीरा लिहून घेत, साक्षीदारांना देवाच्या दारी किंवा नदीच्या पात्रात उभे करून खरे बोलण्याची शपथ घालीत, आणि जो निर्णय होई त्याच्या महजरावर हाजीर मजालशीतील सर्वांची नावे व निशाण्या उमटत. पाटलाच्या नावापुढे नांगर, वाण्याच्या नावापुढे तराजू, न्हाव्याच्या नावापुढे आरसा. ही चित्रलिपी पाहून आधुनिक वाचकाला मोठे कौतुक वाटते आणि लोकशाहीचे बीज इथे होते असे तो म्हणून जातो. मला तितके म्हणवत नाही. ज्या माणसाने पाटलाच्या विरुद्ध तकरीर द्यायची त्याला दुसऱ्या दिवशी त्याच पाटलाच्या आळीतून औत हाकीत जायचे होते, त्याच विहिरीवर पाणी भरायचे होते आणि त्याच गोतात लेकीचे लग्न जुळवायचे होते. त्याची साक्ष एकट्याची असे, पण ती ऐकावयास सारे गाव बसलेले असे. शिवेच्या वादात महाराची साक्ष प्रमाण मानीत, तो शपथ घेऊन ज्या रेषेने चालत जाई ती गावाची शीव ठरे, आणि गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाच्या शब्दाला एवढे मोल यावे हे आश्चर्यकारकच होय. परंतु हे मोल त्या एका विषयापुरते होते, शीव चालून झाल्यावर चावडीवरच्या दुसऱ्या कोणत्याही गोष्टीत त्याने तोंड उघडावे अशी कोणाची अपेक्षा नव्हती आणि मुभाही नव्हती. साक्षी-पुराव्याने निकाल लागेना म्हणजे दिव्याची पाळी येई आणि उकळत्या तेलातून रवा काढावा लागे. दिव्याचे कारण ग्रंथकार पुराव्याचा अभाव असे देतात. मला असे वाटते की, पुष्कळ ठिकाणी पुरावा असे, पण तो ज्यांच्या तोंडी होता ते तोंड उघडीत नसत, आणि म्हणून अखेर तेलाला विचारावे लागे.

गावाचे एकमत हे केवढे सामर्थ्य असते आणि ते कोणत्या दोन दिशांनी काम करते, हे १८७४-७५ च्या दंग्यांनी जितके स्पष्ट दाखविले तितके दुसऱ्या कशानेही दाखविले नाही. अमेरिकेतील यादवीच्या काळात चढलेले कापसाचे भाव उतरले होते, सारा वाढला होता, दिवाणी न्यायालयांतून सावकारांचे हुकूमनामे भराभर निघत होते आणि खत नेमके कशाचे लिहिले आहे हे ज्याच्या अंगठ्याखाली ते लिहिले जाई त्यालाच ठाऊक नसे. यातले प्रत्येक दुःख प्रत्येक कुणब्याला स्वतंत्रपणे झाले होते आणि प्रत्येकाने ते वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसले होते. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील कर्डे गावी सावकारावर गावाने बहिष्कार घातला आणि ती वार्ता घोड नदी ओलांडून पारनेर व श्रीगोंद्याकडे आली, तेव्हा जे घडले ते केवळ अनुकरण नव्हते. आपल्याला सलणारी गोष्ट दुसऱ्या गावालाही सलते आणि ती उघड बोलून दाखविणारे लोक अद्याप जिवंत व धडधाकट आहेत, हे ज्ञान गावोगाव पोहोचले. मग संमतिपत्रे लिहिली गेली: सावकाराचे शेत कोणी करू नये, न्हाव्याने त्याची हजामत करू नये, परटाने धुणे नेऊ नये, त्याच्या दुकानी कोणी जाऊ नये. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजारच्या दिवशी दंगा झाला आणि त्यानंतर नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत तालुक्यांत ठिकठिकाणी खतांच्या होळ्या पेटल्या. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसे धरली गेली आणि ५०१ जणांना शिक्षा झाल्या. सरकारने आयोग नेमला, आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

या संमतिपत्रांचा गौरव करताना त्यांचे दुसरे अंग झाकता येत नाही. जो कोणी कराराविरुद्ध वागेल त्याला जातीबाहेर टाकावे, असे कलम त्यांत असे. सावकाराशी ज्याचे वाकडे नव्हते असा एखादा कुणबी, ज्याला अडल्यावेळी त्याच दुकानातून ज्वारी उधार मिळाली होती असा एखादा बलुतेदार, त्या सभेत काय बोलला असेल? काहीच बोलला नसेल. काल जो गावाचा मूक भाग होता तो आज बोलू लागला, आणि त्याच क्षणी गावाचा दुसरा एक भाग मुका झाला. आयोगापुढे आलेल्या जबान्यांत दंगेखोरांची गाऱ्हाणी आहेत आणि सावकारांच्या कैफियती आहेत. या दोहोंच्या मधला मनुष्य तिथे फारसा भेटत नाही.

छापखाना नगरात याच्या पुष्कळ आधी आला होता. अमेरिकन मिशनचे पाद्री १८३१ साली येथे उतरले, आणि १८४२ साली त्यांनी येथूनच ‘ज्ञानोदय’ काढला, जो काही वर्षांनी मुंबईस गेला. धर्माविषयी उघड वाद घालण्याची, विरुद्ध पक्षाचे म्हणणे छापून त्याला उत्तर देण्याची पद्धत मराठी वाचकांना त्याने लावली हे मान्य केले पाहिजे, मग ते उत्तर कोणाच्या बाजूने ठरे हे सांगण्याची गरज नसली तरी चालेल. त्या काळच्या पत्रलेखकांना खरे नाव लपवून लिहिण्याची मोठी आवड असे. आवड म्हणण्यापेक्षा निकड म्हणावी. १८४८ पासून ‘प्रभाकरा’त ब्राह्मणसमाजावर कोरडे ओढणाऱ्या गोपाळ हरी देशमुखांना ‘लोकहितवादी’ हे नाव घ्यावेसे वाटले, यात सरकारी नोकरीचा संकोच होता तसा पंक्तीचाही होता. टोपणनाव ही त्या शतकाने मराठी माणसाला दिलेली एक ढाल होय. तिच्या आडून पुष्कळ चांगले बोलले गेले आणि पुष्कळ वाईटही.

परंतु शहरातल्या पत्राला टोपणनाव शोभते, खेड्यातल्या पत्राला ते शोभत नाही, कारण खेड्यात ते टिकतच नाही. म्हणून या सबंध कथेत मला सर्वांत विलक्षण वाटते ते तरवडीचे प्रकरण. नेवासे तालुक्यातले हे एक खेडे. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी आपली टीका सांगितली त्याच नेवाशाच्या परिसरातले. पुण्यानजीकच्या भांबुर्ड्याचे कृष्णराव भालेकर हे जोतीरावांच्या सत्यशोधक समाजातले अग्रणी कार्यकर्ते. त्यांनी १८७७ साली ‘दीनबंधु’ काढला होता. त्यांचे चिरंजीव मुकुंदराव हे तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक गेले, आणि १९१० साली, म्हणजे ज्या वर्षी भालेकर निवर्तले त्याच वर्षी, वयाच्या पंचविशीत त्यांनी ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक सुरू केले. पुढे छापखाना खेड्यातच थाटून, शहराचा आश्रय न घेता, १९६७ साली मृत्यू येईपर्यंत म्हणजे ५७ वर्षे त्यांनी ते चालविले. खेड्यातून, खेडुतासाठी, खेडुताच्या भाषेत निघणारे असे पत्र त्यापूर्वी मराठीत नव्हते, आणि त्यानंतरही एवढे दीर्घायुषी दुसरे झाल्याचे मला ठाऊक नाही.

यातले साहस कोणते ते नीट समजून घेतले पाहिजे. पुण्यातील संपादकाला राजद्रोहाच्या खटल्याचे भय असे. १९१० च्या मुद्रण कायद्याने तर छापखान्याकडून अनामत मागण्याचा अधिकारच सरकारने घेतला होता. मुकुंदरावांचा रोख सरकारवर नव्हता, तेव्हा ते संकट त्यांच्यावर यावयाचे नव्हते. त्यांचा रोख होता कुलकर्ण्यावर, सावकारावर आणि पुरोहितावर, आणि हे तिघेही कोठे दूर राजधानीत राहणारे नव्हते, हाकेच्या अंतरावर राहणारे होते. पुढे ‘कुलकर्णीलीलामृत’ आणि ‘शेटजीप्रताप’ या नावांची काव्ये त्यांनी लिहिली. पोथीची ओवी घेऊन तिच्यात गावकामगाराच्या लीला वर्णन करण्याची ती युक्ती खेड्यातल्या श्रोत्याला बिनचूक कळणारी होती, कारण पोथी ऐकावयाची सवय त्याच्या कानाला जन्मापासून होती. आता विचार करा: ज्या काळी गावात लिहिता-वाचता येणारा बहुधा कुलकर्णीच असे, सरकारी हुकूम तोच वाचून दाखवी, उतारा तोच लिही, सावकाराच्या खतावर साक्ष तोच घाली आणि टपालाने आलेले पत्रही पुष्कळदा त्याच्याकडूनच वाचवून घ्यावे लागे, त्या काळी त्याच्याच लीला वर्णन करणारा कागद गावात यावा आणि शाळेत चार इयत्ता शिकलेल्या एखाद्या कुणब्याच्या पोराने तो पारावर मोठ्याने वाचावा! कुलकर्णीवतने मुंबई इलाख्यात कायद्याने गेली ती १९५० नंतर. शाहू महाराजांनी करवीरात ती १९१८ सालीच बरखास्त केली होती. नगर जिल्ह्यात या दोन तारखांच्या मधली तीस-बत्तीस वर्षे वतन शाबूत होते, पण त्याविषयी बोलू नये हा जो अलिखित हुकूम होता तो मात्र हळूहळू मोडत गेला, आणि तो मोडण्यात तरवडीच्या त्या छापखान्याचा वाटा मोठा आहे.

हा परिणाम घडला कसा? मुकुंदरावांनी लोकांना काही नवे सांगितले म्हणून तो घडला, असे मला वाटत नाही. कुलकर्णी उताऱ्यात फेरफार करतो हे शेतकऱ्याला मुकुंदरावांपेक्षा अधिक चांगले माहीत होते. त्याला माहीत नव्हते ते एवढेच की, पलीकडच्या तालुक्यातल्या माणसालाही हे माहीत आहे आणि तो ते छापून आणतो. सत्यशोधक पत्रांतून पुरोहितावाचून लागलेल्या लग्नांच्या वार्ता येत. शहरी वाचकाला अशा वार्तेत वाचण्यासारखे काही वाटणार नाही, परंतु ज्या घरात तसे लग्न लावावे असे एखाद्याच्या मनात घोळत असे आणि आपणच एक विपरीत बुद्धीचे आहो की काय या शंकेने जो ते मनातच ठेवीत असे, त्याच्या दृष्टीने अमुक गावच्या अमुक पाटलाने तसे केले आणि मंडप कोसळला नाही, ही वार्ता कोणत्याही अग्रलेखाहून जड होती. सत्यशोधकी जलशांनीही हेच काम केले. तमाशाचा साचा घेऊन भटजी-शेटजींची सोंगे आणणारे ते जलसे जेव्हा रात्री उघड्या मैदानात रंगत, तेव्हा सोंगाड्याच्या वाक्यापेक्षा त्यावर उसळणारा हशा महत्त्वाचा असे. कारण आपल्या शेजारी बसलेला माणूस कोणत्या जागी हसला हे प्रत्येकाला त्या हशात कळून चुके.

मुकुंदरावांच्या लेखणीला सौम्य कोणी म्हणणार नाही. ‘देशभक्त लीलासार’ लिहून त्यांनी टिळकपक्षीय राजकारणालाही आपल्या पोथीत ओढले, आणि त्या आवेशात खरा स्वार्थी आणि खरा देशभक्त यांतला भेद प्रत्येक वेळी राखला गेला असे म्हणणे कठीण आहे. जे ब्राह्मण सुधारक वतनदारीला स्वतःच कंटाळले होते आणि ज्यांनी कदाचित साथ केली असती, त्यांतल्या काहींनी असल्या भडिमारापुढे मौनच पत्करले असेल, असा माझा तर्क आहे. परंतु त्यांच्या सौजन्यावर विसंबून मुकुंदराव गोड लिहीत बसले असते, तर पारावरचे ते पोर वाचावयास उभे राहिले असते काय, याचे उत्तर मला तरी होकारार्थी देता येत नाही.

पुढे १९७४ साली एलिझाबेथ नोएल-नॉयमान या जर्मन विदुषीने असा सिद्धान्त मांडला की, आपले मत अल्पसंख्य आहे असे ज्याला भासते तो एकटे पडण्याच्या भीतीने गप्प होतो, तो गप्प झाल्यामुळे ते मत आणखीच अल्पसंख्य भासू लागते, आणि अशा रीतीने मौनाचा एक भोवरा तयार होतो. शास्त्रज्ञांनी त्यावर मागाहून पुष्कळ वाद केला. नगरकडच्या माणसाला तो सिद्धान्त नवा वाटणार नाही. ‘वाळीत टाकणे’ ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चालविले त्याला एकाकीपणाच्या भयाचे शास्त्र शिकविण्याची गरज नाही. मात्र त्या सिद्धान्तात ‘भासते’ या एका क्रियापदावर जो भर आहे तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्रत्यक्ष संख्या कोणाची जास्त आहे हा प्रश्न तिथे गौण आहे.

याची प्रचीती सहकाराच्या पर्वात आली. १९५० च्या अखेरीस लोणीजवळ प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, तेव्हा तो केवळ उसाचा प्रश्न नव्हता. १८७५ मध्ये ज्याने खते जाळली त्याच्या नातवाला आता भागधारक म्हणून सभेत उठून बोलण्याचा, हिशेब मागण्याचा कायदेशीर हक्क मिळाला होता. एवढे मोठे स्थित्यंतर दोन पिढ्यांत घडले हे विसरता कामा नये. परंतु जिल्हा आणि तालुका न सांगता, सबंध महाराष्ट्रातील सहकाराविषयी, वार्षिक सर्वसाधारण सभेला कधीही गेलेला कोणीही मनुष्य सांगेल की, विषयपत्रिकेवरील विषयाचे वाचन पुरते संपण्याच्या आधीच पुढल्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा जो गजर उठतो, त्याच्या आत बोलावयास उठू पाहणाऱ्याचे गुडघे वाकतात. गजर करणारे पन्नास असतात आणि मंडपात पाच हजार बसलेले असतात. पण पाच हजारांतला प्रत्येक जण असे समजून चालतो की, उरलेले सगळे त्या पन्नासांतच आहेत. शिवाय ऊस फडात उभा असतो आणि तोडणीची पाळी कोणाच्या चिठ्ठीने येते हे ठाऊक असते. धमकी कोणीच दिलेली नसते, आणि सभेच्या इतिवृत्तात ठराव एकमताने संमत झाल्याची नोंद होते. ‘दीनमित्रा’ने एकट्या माणसाला तो एकटा नाही असे सांगितले, हा गजर एकटा नसलेल्या माणसाला तो एकटा आहे असे पटवितो.

मौनाची किंमत नेहमीच साखरेच्या पोत्यांत मोजली जाते असे नाही. १७९५ च्या लढाईमुळे इतिहासात गाजलेल्या जामखेड तालुक्यातील खर्ड्यात २०१४ च्या एप्रिलमध्ये एका दलित शाळकरी तरुणाची हत्या झाली. खटला नगरच्या सत्र न्यायालयात चालला, अनेक साक्षीदार फितूर झाले, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात सर्व आरोपी निर्दोष सुटले. न्यायालयाने समोर आलेल्या पुराव्यावर निकाल दिला. जो पुरावा समोर आला नाही तो गोतसभेच्या काळीही समोर येत नसे, आणि तेव्हा निदान दिव्याचा खटाटोप करून का होईना, काहीतरी अपुरे राहिले आहे याची कबुली मिळत असे.

‘बिनविरोध’ या शब्दाविषयी या जिल्ह्यात फार आदर आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव पाणलोटाच्या कामासाठी आणि ग्रामसभेच्या शिस्तीसाठी देशभर नावाजले. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून सुमारे तीन दशके तिथे पंचायतीची निवडणूक बिनविरोध होत आली होती. २०२१ च्या जानेवारीत विरोधात उभे राहणारे निघाले, मतदान झाले, आणि सातही जागा पवारांच्याच मंडळाकडे गेल्या. त्या वेळी काहींनी गावाची परंपरा तुटली म्हणून हळहळ व्यक्त केली. मला तर ही परंपरा तुटल्यामुळेच आधीच्या तीस वर्षांच्या एकमताला खरा पुरावा लाभला असे वाटते. जे एकमत पेटीतून काढून मोजता येते तेच मला पटते. त्याच निवडणुकीच्या वेळी पारनेर तालुक्यात बिनविरोध होणाऱ्या गावाला २५ लाखांच्या विकासनिधीचे आमिष आमदारांनी दाखविले होते. हेतू भांडणे टाळण्याचा होता आणि तो वाईट म्हणता येत नाही. पण ज्या वाडीत पंचविसावा भाग लोकांना काही वेगळे म्हणावयाचे असेल, त्यांनी ते म्हटले तर साऱ्या गावाचे पंचवीस लाख बुडविल्याचा दोष त्यांच्या माथी येणार, हे कोणी ध्यानात घेतले होते काय?

अलीकडे चावडीची जागा हातातल्या फोनने घेतली आहे, गावाच्या नावाचा ग्रुप प्रत्येक गावी आहे, आणि निवडणुकीच्या दिवसांत एखाद्या पक्षाचे चार उत्साही तरुण त्यावर दिवसरात्र असा काही मजकूर लोटतात की, बाकीच्या दोनशे माणसांना गाव तेवढेच आहे असे भासावे. विरुद्ध लिहिणाऱ्याला शिव्या बसतात, त्याच्या जातीचा उद्धार होतो, आणि तो दुसऱ्या दिवशी दूध घालावयाला डेअरीवर गेला म्हणजे तीच माणसे त्याला समोर भेटतात. गजर तोच आहे, फक्त मंडप मोडला आहे. याविषयी एवढे पुरे. कारण जे नवीन वाटते त्यातील बहुतेक भाग वर येऊन गेला आहे.

गुप्त मतदान हा या व्याधीवर कायद्याने शोधलेला उतारा. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि आडोशाला जाऊन मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावयाची होती; मालक, सावकार, नवरा आणि भाऊबंद यांच्यापैकी कोणीही पाहत नाही अशी आयुष्यातली पहिली जागा कित्येकींना त्या आडोशात लाभली असेल. एका माणसाचे मत अशा रीतीने झाकले गेले, तरी वस्तीचे झाकले गेले नाही; केंद्रवार आकडे आजही जाहीर होतात आणि कोणत्या वाडीने कोणाला पाठ दाखविली ते संध्याकाळपर्यंत कळते. अनेक यंत्रांतील मते एकत्र करून मोजावीत अशी सूचना निवडणूक आयोगाने २००८ साली केली होती. ती अमलात आलेली नाही.

ग्रामसभेत मात्र अजून हात वर करूनच ठरते. नियमाने तिच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते, आणि ती पुष्कळ ठिकाणी सह्यांच्या वहीत भरते. म्हणून दारूच्या दुकानाचा प्रश्न आला तेव्हा शासनाने निराळी वाट काढली: गावातल्या स्त्रियांनी ठराविक संख्येने मागणी केली की तहसीलदारांच्या देखरेखीखाली त्यांचे गुप्त मतदान घ्यावयाचे, मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली, आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. पारनेर तालुक्यातील निघोजसारख्या मोठ्या गावातही स्त्रियांनी या मार्गाने बंदी आणली. ज्या स्त्रीने ग्रामसभेत नवऱ्यादेखत, दुकानदारादेखत आणि त्याच्या उधारीवर पोसलेल्या तरुणांदेखत हात वर केला नसता, तिने शिक्का मारला. पण या नियमात एक मेख आहे. बंदीला लागणारी मते झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक असून भागत नाही, ती यादीतील एकूण स्त्री-मतदारांच्या निम्म्याहून अधिक असावी लागतात. जी बाई त्या दिवशी कांदा काढावयास गेली, जी माहेरी होती, जिला घरातून निघू दिले नाही आणि जिचे नाव मृत्यूनंतरही यादीतून निघाले नाही, त्या सगळ्यांची मते उभ्या बाटलीच्या बाजूला धरली जातात.